हरकत नाही, असं आधीच छापलेलं

कात्र्यांच्या कारखान्यात सगळे तिला वहिनीच म्हणत. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं अठ्ठावीस कारागिरांचा तो कारखाना तिनेच सांभाळला होता. धाकटा दीर धार लावण्याचं काम बघायचा. दुसऱ्या देशाशी खुल्या व्यापाराची बोलणी सुरू झाली आणि व्यापार खात्याचं पत्र आलं: आयात कर उठवण्याआधी आपलं म्हणणं ऐकायचं आहे, समक्ष यावे.

वहिनी हरखली. आठ दिवस खपून दोघांनी तयारी केली. तिकडची स्वस्त कात्री आणि आपली, दोन्हींनी जाड कापडाचे सहा पदर कापून बघितले. तिकडची चौथ्याच पदराला अडखळली.

खात्यातल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, स्वतः कापड कापून पाहिलं, हसले. कुणीतरी फोटो काढला.

"एकदम कर उठवू नका," वहिनी म्हणाली. "दहा वर्षांत थोडा थोडा कमी करा. तेवढ्यात आम्ही नवी यंत्रं आणतो."

"मुद्दा रास्त आहे," साहेब म्हणाले. वहिनीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग कारकुनाने सहीसाठी कागद पुढे सरकवला. दीर पेन उघडून बसलाच होता. वहिनी मात्र सवयीने पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. 'उद्योगाशी चर्चा झाली. कर तत्काळ रद्द करण्यास हरकत नाही.' वर तारीख कालची.

"साहेब, आम्ही आज आलोय. काल आमची हरकत नव्हती, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

साहेब चुळबुळले. "त्याचं असं आहे मॅडम, हे परवाच्या बैठकीत मिटलं. त्यांनी आपल्या मोटारी घ्यायचं कबूल केलं, आपण हातअवजारांवरचा कर सोडला. देवाणघेवाणीत थोडं इकडेतिकडे होतंच."

"थोडं म्हणजे आमची अठ्ठावीस घरं. मग बोलावलंत कशाला?"

"नियमाप्रमाणे विचारावं लागतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ दिवसांची मेहनत एका फोटोसाठी? पण आवाज तिने चढवला नाही. दिराच्या हातातलं पेन घेऊन 'नाही' खोडलं, 'आहे' लिहिलं आणि खाली जोडलं: 'विचारण्याआधीच ठरवले होते.' सही केली, आजची तारीख घातली.

"अहो, यात खाडाखोड चालत नाही," कारकून म्हणाला.

"माझ्या नावावर खोटं चालतं, खाडाखोड तेवढी चालत नाही?"

बाहेर बाकावर कुलूपवाले, चाळणीवाले, करवतवाले आपापल्या पिशव्या धरून बसले होते. वहिनीने त्यांना घडलं ते सगळं सांगितलं. आत गेल्यावर प्रत्येकाने आधी कागद मागितला. तीच ओळ, तीच तारीख. एकानेही सही केली नाही.

दीड महिन्याने करार झाला. सगळ्या उद्योगांना विश्वासात घेतलं, असं मंत्री म्हणाले. हातअवजारांवरचा कर तीन वर्षांत उठणार होता.

"लगेच उठणार होता, त्यापेक्षा बरं," दीर म्हणाला.

"बरं कसलं? दहा मागितली होती. आपलंच आपल्याला तुकडा टाकल्यासारखं दिलंय, आणि तू खूश?"

वहिनीने कुलूपवाल्यांना फोन लावला आणि बाकीच्यांना घेऊन दुपारीच कारखान्यात यायला सांगितलं. मंत्र्यांच्या त्या वाक्याला उत्तर लिहायचं होतं, सगळ्यांच्या सह्यांनी.