खाली कोण?

राळ अजून बोटांना चिकटत होती. पुरचुंडी सोडलीसुद्धा नव्हती गोवर्धनने, नुसती उचलून पुन्हा टेबलावर ठेवली होती, तरी त्या मळक्या फडक्यातून पिवळसर पूड झिरपून अंगठ्याला लागलीच; आणि आता अंगठा बोटाला टेकला की सुटताना जरा ओढ धरत होता. टेबल नवं होतं. टेबलावर कॉलेजने दिलेली चकचकीत शिट्टी, किल्ल्यांचा जुडगा, दौत, टाक — आणि या साहेबी सामानात अकोल्याच्या तालमीतली राळेची पुरचुंडी, सासरी आलेल्या माहेरच्या माणसासारखी अंग चोरून बसलेली.

ती उत्तमरावांनी ठेवली होती. सकाळच्या गाडीने ते अकोल्याहून आले, त्याच तालमीतल्या नत्थुजीने बडनेऱ्याच्या स्टेशनावर जाऊन त्यांना टांग्यातून इथवर आणलं, आणि खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी आधी पाटीच पाहिली. पाटीवर गोवर्धनचं नाव आणि खाली फिजिकल डायरेक्टर असं इंग्रजीत लिहिलेलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण बोट फिरवून त्यांनी रंग वाळला आहे की नाही ते पाहिलं.

"पाटी झाली म्हना तुयी," ते म्हणाले, आणि बंडीच्या खिशातून पुरचुंडी काढली. "घे. नवा खांब हाये म्हनते नत्थू. नव्या खांबाले हात घसरते."

झालं. एवढ्यासाठी तर सगळं केलं होतं, गोवर्धनला वाटलं. प्रिन्सिपलसाहेबांनी दोन माणसं स्वतः निवडायची मुभा दिली तेव्हा कमिटीतल्या तिघांचे तीन भाचे दाराबाहेर ताटकळत होते, आणि त्याने एका दमात दोन नावं सांगून टाकली होती — कुस्तीच्या मातीला नत्थुजी, मल्लखांबाला उत्तमराव. यांचा दाखला काय, साहेबांनी विचारलं. दाखला... पाठीचा दाखला देता येतो का? माझी पाठ, साहेब, ही पाठ, पंधराव्या वर्षापासून उत्तमरावांच्या हातावर... पण असलं काही इंग्रजीत सांगता येत नाही. "मी जबाबदार," एवढंच तो म्हणाला, आणि साहेबांनी ते मानलं.

मोर्णा नदीच्या काठची ती तालीम पहाटेची. सूर्य उगवायच्या बेताला पोरं जमत, मातीत ताक आणि तेल जिरवलेलं असे, आणि मधोमध तो काळा, तेल पिऊन गुळगुळीत झालेला खांब. तिथे एक रिवाज होता. चढणाऱ्याने खांबाला हात लावायचा, कपाळाला लावायचा, आणि विचारायचं — खाली कोण? मग मागून कुणीतरी म्हणायचं, "मी हावो." एकदा कुणी 'मी हावो' म्हटलं की बाकीच्यांनी दूर व्हायचं, कारण दोघं धावले की दोघांच्या मधून माणूस जमिनीवर येतो. आणि चढणाऱ्याने वळून पाहायचं नाही. कोण आहे, कसा उभा आहे, लक्ष आहे की नाही — काही नाही. वळून पाहिलं तर आवाजाचा अपमान. गोवर्धनने 'खाली कोण' विचारलं की बहुतेक वेळा आवाज यायचा तो उत्तमरावांचा, थोडा घोगरा, दातवण तोंडात असल्यासारखा.

आणि ती नागपंचमी... सगळं गाव पाहायला उभं, त्यात मुलगा पाहायला आलेली कौशल्याच्या माहेरची माणसं, आणि हा बहाद्दर शहाणपणा करून खांबाच्या बोंडावर, अगदी टोकावर, एका हाताने तोल धरायला गेला. तेल जास्त झालं होतं. आभाळ सरकलं एवढं आठवतं. मग पाठीखाली दोन हात, आणि एक बारीकसा आवाज, जो त्याच्या हाडाचा नव्हता. उत्तमरावांचा खांदा निखळला होता. ते मातीत बसून त्याच्याकडे पाहत होते. "जड झाला बे तू," ते म्हणाले. "भाकर कमी खात जा." तो खांदा अजून थंडीत दुखतो म्हणतात. कौशल्या मिळाली ती त्या खांद्याच्या पुण्याईने, असं गोवर्धन मनात म्हणत असे. तोंडाने कधी म्हटलं नाही.

दुपारी तिघं राजापेठेत गोवर्धनच्या घरी जेवायला गेले. दाराआत पाय पडला की त्याची जीभ आपसूक अकोल्याची व्हायची. कौशल्याने उत्तमरावांच्याच वाडीतली वांगी भाजून भरीत केलं होतं. त्यांनी टोपलीभर आणली होती, वाडी आता भावाच्या हवाली केली, शेवटचा तोडा हा, असं सांगून. मनकर्णावहिनी गेल्यापासून त्यांना त्या वाडीत करमत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणी तो विषय काढला नाही.

"कानामागं पांढरं झालं तुये," उत्तमराव भाकरी मोडत म्हणाले. "अन् हे पोट कोनाचं?"

"डायरेक्टरचं," नत्थू म्हणाला. सगळ्या गावाला तो नत्थुजी, पण गोवर्धनच्या जोडीचा, म्हणून त्याला नुसता नत्थू.

कौशल्या पदर तोंडाला लावून हसली. बरं वाटत होतं. फार दिवसांनी घरात कुणी त्याला अरे-तुरे करत होतं, फार दिवसांनी भाकरीला चव होती. गोवर्धन उत्साहाने सांगत सुटला — पोरं चांगली हायेत उत्तमभाऊ, कुनी वलगावचं, कुनी बडनेऱ्याचं, सायकलीवर येते, गाडीनं येते, सकाळपासून वर्ग असते त्याइचे, म्हनून तालीम ठेवली सांजीले. दिवेलागणीपर्यंत. उद्यापासून खांबावर घेऊ.

उत्तमरावांचा हात ठेच्यापाशी थांबला.

"सांजीले का," ते म्हणाले.

"हाव."

नत्थूने मध्येच ताक मागितलं. उत्तमरावांनी गोवर्धनकडे पाहिलं — नीट, प्रेमाने, पांढरे केस मोजताना पाहिलं होतं तसंच — आणि घास उचलला. "बरं. तू हायेस म्हंजे तू इचार केलाच असशीन."

हे ऐकून गोवर्धनची छाती भरून आली होती. याला भरवसा म्हणतात, त्याला वाटलं होतं. किती सहज म्हणाले.

...सहज. आता, संध्याकाळी, कॉलेजमागच्या मैदानात निंबाखाली उभं राहून तो त्याच वाक्याकडे पुन्हा पाहत होता, आणि ते वाक्य दुपारचं राहिलं नव्हतं. ऊन होतं तोवर सगळं छान होतं. उत्तमरावांनी नवा सागवानी खांब मुळापासून मानेपर्यंत चाचपला, कुठेशी लाकडाचं कुसळ होतं ते काचेने खरवडून काढलं, एरंडेलाचा हात असा मारला की लाकडाचा रंग उतरत्या उन्हात मधासारखा झाला. मग सूर्य कॉलेजच्या कौलांमागे गेला. काही फार अंधार नव्हता. गोवर्धनला निंबाचं पान न् पान दिसत होतं. आणि उत्तमराव तेलाची वाटी ठेवायला वळले, आणि त्यांचा पाय पुढे पडण्याआधी जमिनीला विचारत गेला. आधी चवडा. मग टाच. वाटी ठेवली ती ओट्याच्या कडेबाहेर. नत्थूने ती पडायच्या आत धरली आणि दुसऱ्या हाताने त्यांचा कोपर, सवयीने, दोघं वर्षानुवर्षं असेच चालत असल्यासारखा.

गोवर्धनने नत्थूला हौदाकडे नेलं. विचारावं लागलं नाही, नुसतं पाहिलं.

"अंधारलं का त्याले दिसत नाई," नत्थू हळू म्हणाला. "दिवसा सुईत दोरा ओवते. दिवा लागायच्या वक्ताले सबन बंद. वैद्य झाले, शेवग्याचा पाला झाला..."

"कवापासून?"

"तू अकोला सोडलं त्याच्या मागंच."

"अन् तू मले बोलला नाई."

"तू इचारलं नाई." नत्थूला राग आला होता की रडू, कळेना. "मले वाटलं तुले मालूम हाये. तिथं साऱ्याइले मालूम हाये. आपली तालीम पहाटची, उजेड वाढतच जाते, तिथं त्याचं काई अडलं नाई. मी म्हनलं तू बी इथं पहाटचीच ठेवशीन. सांजीचं मले बी आजच जेवताना मालूम पडलं. अन् तो टांग्यात बसल्यापासून एकच म्हनून राहिला — गोर्धनले मालूम असून बी त्यानं मले बलावलं. डोये पुसत होता बे."

मालूम असून. गोवर्धन हौदाच्या काठावर बसला. तर असं झालं होतं. ज्याने बोलावलं त्याने विचारलं नाही, जो आला त्याने सांगितलं नाही, आणि ज्याला दोन्हीकडचं माहीत तो गप्प राहिला — का, तर आपल्यात कुणी वळून पाहत नाही. तिऱ्हाईत असता, कमिटीचा भाचा असता, तर दहा प्रश्न विचारले असते मी. डोळे तपासले असते. हे माझं माणूस, म्हणून मी त्याला एक प्रश्न विचारला नाही...

उद्या पोरं येणार. आई-बापांची पोरं, सायकलीवर कॅरिअरला डबा बांधून येणारी. ती विचारतील खाली कोण — त्यानेच शिकवलं होतं त्यांना विचारायला, आणि वळून न पाहायला. साहेबांना त्याने सांगितलं होतं, मी जबाबदार. नत्थूला खाली उभं करावं? मग उत्तमभाऊंनी काय करायचं, तेल चोळायचं? वेळ बदलून मागावी तर सकाळी वर्ग. गॅसबत्त्या लावाव्यात... परत पाठवावं तर कुठे, वाडी भावाला देऊन आलेला माणूस. आणि काय सांगून पाठवायचं? की उत्तमभाऊ, मला माहीत नव्हतं, म्हणून बोलावलं? माहीत असतं तर... बोलावलं असतं का मी? तो स्वतःला हे पुन्हा पुन्हा विचारत राहिला, आणि प्रत्येक वेळी उत्तर येण्याच्या आत त्याला त्या खांद्याचा बारीक आवाज ऐकू यायचा.

"गोर्धन," निंबाखालून हाक आली. "खांब कोरा ठेवतो का आज?"

खरंच की. नवा खांब पोरांच्या अंगाला लागण्याआधी आपल्यातल्या एकाने चढून उतरायचा, हाही तिथलाच रिवाज. नत्थू पैलवान गडी, त्याच्या वजनाला खांब कुरकुरेल. उरला कोण, तर पोट सुटलेला डायरेक्टर.

त्याने सदरा काढला, धोतराचा काचा मारला, पुरचुंडी सोडून तळहातांना राळ चोळली. खांबाला हात लावून कपाळाला लावला. आता विचारलं पाहिजे. नत्थू जवळ आला होता. गोवर्धनने मान हलवली असती तर तो तोंड उघडणार होता, 'मी हावो' म्हणून टाकणार होता, आणि सगळं निभावलं असतं. निदान आजचं.

गोवर्धनने मान हलवली नाही.

"खाली कोण?"

"मी हावो ना," उत्तमराव म्हणाले. तोच आवाज, थोडा घोगरा. नत्थू क्षणभर घुटमळला, मग रिवाजाप्रमाणे मागे सरला.

शरीर विसरलं नव्हतं. धापा टाकल्या, गुडघा बोलला, पण मांड्यांनी खांब धरला आणि मानेपाशी पोचून तो उलटा झाला — पाय वर, डोकं खाली, छातीवर लाकडाचा आणि एरंडेलाचा वास. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने पाहिलं. वळावं लागलं नाही, उलटं लटकलं की सगळं समोरच येतं; एरवी तो अशा वेळी डोळे मिटून घेत असे. उत्तमराव पाय फाकवून, गुडघ्यात किंचित वाकून उभे होते, जसे उभे राहत असतील इतकी वर्षं. दोन्ही हात पसरलेले, तळवे आभाळाकडे, चेहरा वर उचललेला. सगळं बरोबर होतं. फक्त ते खांबाच्या त्या अंगाला उभे होते, जिथे तो नव्हता. हातांवर निंबाची सावली होती, आणि त्या सावलीला ते अगदी तयारीने झेलून उभे होते.

"बरा हायेस ना?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"दिसून नाई राहिला मले तू," ते म्हणाले, लाजल्यासारखे, पण हसून. "तुले त मालूमच हाये. आवाज देत राय."

खांबावर असताना गोवर्धनच्या मनात नेहमी एकच गोष्ट असायची, हात सुटला तर. आज तळव्याला घाम येत होता, आणि ती भीती कुठे सापडत नव्हती. हात सुटला तर सुटला. पण सुटायचा तर त्या अंगाला सुटायला हवा, नाहीतर ते हात रिकामे राहतील आणि या माणसाला कळेल. एवढीच काळजी, आणि ती त्याला इतकी ओळखीची वाटली, की ही आपण कुठे पाहिली होती ते आठवत तो थोडा वेळ तसाच लटकून राहिला. त्या नागपंचमीला, मातीत बसून 'जड झाला बे तू' म्हणणाऱ्या तोंडावर पाहिली होती.

उद्याचं काय, ते त्याला अजून कळलं नव्हतं. सांगावं लागेल, उद्या पोरं यायच्या आत काहीतरी सांगावं लागेल, आणि ते कुठल्या शब्दांत, ते वर लटकून सुचत नव्हतं.

"मालूम हाये, उत्तमभाऊ," तो म्हणाला, आणि राळ लागलेल्या हातांनी खांबाला धरून, तेलावरून सरकल्याचा आवाज होणार नाही इतक्या बेताने, त्या पसरलेल्या हातांच्या बाजूला सरकू लागला.