समीरचा उजवा खांदा

चेंडू विटांच्या भिंतीवर आपटायचा, तो आवाज अजून माझ्या छातीत आहे. बर्मिंगहॅममधल्या आमच्या घरामागं चिंचोळी बाग, बागेच्या टोकाला धुरानं काळवंडलेली भिंत, आणि एप्रिलचं ताकासारखं पातळ ऊन. त्या उन्हात आमचा समीर उभा राहायचा. डावा गुडघा छातीपर्यंत उचलायचा आणि क्षणभर तसाच थांबायचा, ओढ्याकाठच्या बगळ्यासारखा निश्चल. मग सगळं अंग एकदम उलगडायचं आणि उजव्या हातातून चेंडू सुटायचा. त्या क्षणी स्वयंपाकघरात माझ्या बायकोचं, शालनचं, लाटणंसुद्धा थांबायचं.

मी फाउंड्रीत लोखंड ओतलेला माणूस. शाळा म्हणावी एवढी झाली नाही. बेसबॉल काय असतो ते मला आजही धड सांगता येत नाही. शाळेतल्या एका कॅनडाच्या मास्तरानं पोराच्या हातात चामड्याचा मोठा मोजा घातला आणि पोरगं हातचं गेलं, एवढंच कळलं. मी कराडकडचा; क्रिकेट खेळला असता तर चार लोकांत सांगायला तरी बरं. देवळात कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर मी म्हणायचो, चेंडू फेकतो. लोक हसायचे. शालन घरी येईपर्यंत धुमसायची. "अहो, पगार घेऊन फेकतो म्हणावं," म्हणायची, "तुम्ही काय फुकट लोखंड ओतत होता?"

हॉलंड झालं, इटली झाली, एक साल अमेरिकेतल्या कुठल्याशा आडगावची टीम झाली, आणि इकडं झाडं उघडी पडायला लागली की ऑस्ट्रेलिया. एका देशातला उन्हाळा विझत आला की हा दुसऱ्या देशातल्या उन्हाळ्यात जाऊन उभा राहायचा. इंग्लंडचा हिवाळा त्यानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. दोन उन्हाळ्यांच्या मधल्या फटीत, संध्याप्रकाश खिडकीतून तिरपा सरपटत यावा तसा, तो थोडे दिवस घरी यायचा. तांब्याच्या घागरीसारखी तापलेली कातडी, आणि अंगाला परक्या गवताचा वास.

आला की पहिल्या संध्याकाळी शालन तिळाचं तेल कोमट करायची आणि त्याचा उजवा खांदा चोळायला बसायची. दर खेपेला त्या खांद्यात काहीतरी कमी झालेलं तिच्या बोटांना कळायचं. "वाळू भरल्यासारखं वाजतंय रे," ती म्हणायची. त्याचं मराठी इथल्याच मातीतलं, वेडंवाकडं. "आई, तिकडे फिजिओ आहे," तो हसून म्हणायचा, "पण तुझी हात बेस्ट आहे." बत्तीस वर्षांचा पुरुष डोळे मिटून मांजरासारखा बसायचा, आणि मला त्या दोघांत कुठं जागाच नसायची. मी टीव्ही मोठा करायचो.

शालन जानेवारीत गेली. तो सातासमुद्रापार कडक उन्हात होता. पातळ जाकीट घालून आला, ओठ निळे. इथं माणूस जाळायलासुद्धा तारीख मिळावी लागते. त्या थांबलेल्या दिवसांत आम्ही दोघं एका घरात, कळ न दाबलेल्या दोन दिव्यांसारखे बसून होतो. तेव्हाच त्यानं सांगितलं, खांद्याची शीर फाटलीय, डॉक्टर म्हणाले फेकणं बंद. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मनात एकच आलं: आता हा राहील.

शालनची पेटी उचलायची वेळ आली तेव्हा तो उजवा खांदा लावूनच उभा राहिला. अंत्यविधीवाल्या गोऱ्या माणसानं त्याचा चेहरा पाहिला आणि हळूच सुचवलं, दुसऱ्या बाजूला या, डाव्या खांद्यावर घ्या. समीरनं मान हलवली. जिनं तो खांदा इतकी वर्षं सांधत आणला, तिचं सगळं ओझं त्यानं त्याच्यावरच घेतलं. फरशीवरून तो एकेक पाऊल मोजून टाकत होता. त्या गोठलेल्या सकाळी मानेवरून घाम ओघळत होता. मी मागून चालत होतो. लेकाचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता, आणि त्याची एवढी कीवही.

तेराव्यानंतर त्यानं बॅग काढली. झेक देशातल्या एका लहान टीमला पोरांना शिकवायला माणूस हवा होता. मी आयुष्यात कुणाला विनवलं नाही. त्या दिवशी म्हणालो, "राहा, समीर."

तो बराच वेळ बॅगेच्या चेनशी खेळत बसला. "बाबा, इथे मी काय करणार? मला दुसरं काय येतच नाही."

मी उठलो. चहा ठेवला, तर दूध उतू गेलं. तो बसनं स्टेशनला गेला. बॅग त्यानं डाव्या हातात धरली होती.

फोन करतो. हवा सांगतो, जेवलात का विचारतो. कधी करतो, कधी करत नाही. शालनसाठी मी तेरा दिवस सुतक धरलं, लोक आले, रडले, मग ते संपलं; माणूस संपला की निदान दुःखाला दाराशी येऊन बसता येतं. पण जिता माणूस दिवसादिवसानं जरा जरा जात राहतो, त्याचं सुतक कुणी धरत नाही, आणि ते फिटतही नाही.