हातभर खालची माती

धुळ्याजवळच्या एका शेती संशोधन केंद्रावर अभिमन बिऱ्हाडे क्षेत्र सहाय्यक म्हणून काम करत होता. सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे टोमॅटोचा प्रयोग आला. सारख्याच आकाराचे बारा वाफे. चार वाफ्यांना पाच दिवसांनी पाणी, चारांना दहा दिवसांनी आणि उरलेल्या चारांना पंधरा दिवसांनी. पाण्याचा ताण पडला की झाड किती वाढतं, फुलं किती टिकतात आणि फळ किती भरतं, हे मोजायचं होतं. जमिनीत ओल किती राहिली तेही दर आठवड्याला पाहायचं होतं. त्यासाठी गिरमिटाने माती काढायची, एकदा वीतभर खोलीवरची आणि एकदा हातभर खोलीवरची. ती डबीत भरून तोलायची, भट्टीत वाळवायची आणि पुन्हा तोलायची. वजन जितकं घटेल तितकी ओल.

पहिले चार आठवडे अभिमनने हे इमानाने केलं. मार्च लागला तशी काळी जमीन दगडासारखी झाली. वरची माती कशीबशी निघे, पण हातभर खाली जायचं तर गिरमिटाच्या दांड्यावर सगळं अंग टाकावं लागे आणि तळहाताला फोड येत. एका दुपारी तीन वाफे झाल्यावर त्याने गिरमिट टाकून दिलं आणि उरलेले नऊ आकडे मागच्या आठवड्यावरून अंदाजाने लिहिले. कुणी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यापासून त्याने खालची माती काढलीच नाही. वरची मोजायची, तिच्यात चार-पाच टक्के मिळवायचे आणि खालच्या रकान्यात भरायचे. आकडे दिसायला चांगले सुबक असत.

वाफ्यांची निंदणी, बांधणी आणि तोडणी भिकुबाईकडे होती. नऊ वर्षांपासून ती रोजंदारीवर येत होती. वयाने अभिमनपेक्षा बरीच मोठी, म्हणून तो तिला अक्का म्हणे. पंधरा दिवसांच्या वाफ्यांत दुपारी झाडांची पानं वळून सुरळी होत आणि फुलं पिवळी पडून गळत. खाली पडलेली फुलं ती ओंजळीत गोळा करून त्याला दाखवी. जित्या झाडाला असं तहानेलं ठेवायचं हे कसलं शिक्षण, असं एकदा तिने विचारलं होतं. तो हसला होता.

एप्रिलमध्ये तोडणी सुरू झाली आणि घोळ लक्षात आला. ताणाच्या तीन वाफ्यांत फळं लिंबाएवढी राहिली होती आणि कित्येकांची बुडं काळी पडली होती. चौथा वाफा मात्र हिरवागार होता, फळं मुठीएवढी, भरलेली. वजन जवळजवळ दहा दिवसांच्या वाफ्याएवढं आलं.

केंद्रप्रमुख साहेबांनी वही मागवली. उभ्यानेच पानं चाळली. चौथ्या वाफ्याची जमीन वर कोरडी, खालीही कोरडी.

"माती कोरडी आणि झाड हिरवं, असं होत नाही," ते म्हणाले. "तुमच्या मोजणीनंतर इथे कुणीतरी पाणी टाकतंय. या वाफ्यात कोण असतं?"

खालचे आकडे आपण बसल्या जागी लिहिलेत, हे सांगायची तीच वेळ होती. साहेबांची नजर वहीवरून त्याच्या तोंडावर आली, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "भिकुबाई असते. तिला झाडांची दया येते."

खोटं त्यात काहीच नव्हतं, आणि तेच त्याला पुढे सगळ्यात जास्त खुपत राहिलं.

भिकुबाईला बोलावलं. आपण पाणी टाकलं नाही, असं तिने दोनदा सांगितलं आणि अभिमनकडे पाहिलं. तो वहीची दोरी गुंडाळत उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. नऊ-दहा वर्षं झालेल्या बायकांना कायम करण्याची यादी त्याच वर्षी वर जायची होती. बाकीच्या बायका आपसात कुजबुजल्या की भिकुबाईने सरकारी प्रयोग नासवला. महिन्याभराने कळलं की ती यावलला बहिणीकडे राहून केळीच्या बागांत मजुरीला जाते.

जूनच्या आरंभी केंद्रावर नवी पाइपलाइन टाकायचं काम निघालं. चिंधा नावाचा पंपावरचा माणूस रिकाम्या पडलेल्या वाफ्यांतून चर खणत होता. चौथ्या वाफ्याच्या कडेला आल्यावर त्याने अभिमनला हाक मारली. वीतभर कोरडी माती होती. तिच्याखाली चिखल. त्यात रोपवाटिकेकडे जाणारा सिमेंटचा जुना पाइप होता आणि त्याचा सांधा थेंब थेंब गळत होता. टोमॅटोच्या वाळलेल्या खुंटांची मुळं तिथवर उतरून पाइपला विळखा घालून बसली होती.

अभिमन चरात उतरला. त्याने मूठभर माती हातात घेतली. दाबली तर तिचा लाडू वळला. सांधा मार्चातच सुटला असावा; त्यानंतर त्या जागी एकदा जरी गिरमिट हातभर आत गेलं असतं, तर पात्यालाच हे लागलं असतं. लहान मूलही म्हणालं असतं की हे पाणी वरून कुणी टाकलेलं नाही.

चिंधाने दुपारपर्यंत सांधा बांधला आणि चर बुजवला. साहेब त्या आठवड्यात पुण्याला बैठकीला गेले होते. मातीचा आणि वहीचा मेळ घालून पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. अभिमन गप्प बसला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती, आणि चार दिवस तो गप्प बसलाही. पण जेवायला बसला की घास फिरे. बायकोने विचारलं, तर उन्हाचं होतंय म्हणाला. पाचव्या दिवशी त्याने रजेचा अर्ज टाकला आणि यावलची एसटी धरली.

भिकुबाई बागेच्या बांधावर भाकरी खात बसली होती. हात केळीच्या चिकाने काळे पडले होते. तिने त्याला बस म्हटलं, पाणी दिलं. त्याने पाइपचं सांगितलं. मग वहीचंही सांगितलं, मार्चपासूनचं सगळं. आपण त्या दिवशी का बोललो नाही ते सांगायला गेला, पण सांगण्यासारखं काही निघेना.

तिने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"मी पानी टाकं नही, भाऊ," ती म्हणाली. "पन रोज वाटे, तांब्याभर टाकी दिऊ. नही टाकं. तुम्हनं काम बिघडी, म्हनीसन नही टाकं."

अभिमनला मान वर करता येईना. त्याने विचारलं, आता मी काय करू?

"माले एकलीले काय सांगतस? हजेरीले बठ्ठासमोर सांगा."

सोमवारी साहेब परतले. अभिमनने वही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि खोट्या आकड्यांखाली पेन्सिलीने रेघा मारून दिल्या. एकशे पाच आकडे निघाले. साहेबांनी आवाज चढवला नाही. वर्षाचं काम गेलं, एवढंच म्हणाले आणि लेखी जबाब मागितला. जबाबात त्याने भिकुबाईचा दोष नसल्याचंही लिहिलं आणि हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर बोलायची परवानगी मागितली.

त्याचा निरोप मिळाला तशी बुधवारी सकाळी भिकुबाई पहिल्या एसटीने आली आणि फाटकाशी उभी राहिली. वीस-बावीस बायका, चिंधा, कारकून, सगळे होते. अभिमन बोलला. माती मी मोजली नाही. आकडे मी बनवले. पाणी पाइपचं होतं. अक्काचा काही दोष नव्हता, आणि काही माहीत नसताना मी तिचं नाव घेतलं.

खाली मान घालून त्याने वाट पाहिली. छातीवरचं ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बायका एकेक करून भिकुबाईजवळ गेल्या. त्यांतल्या दोघी-तिघींना तिच्याकडे पाहवत नव्हतं.

साहेबांनी तिचं नाव पुन्हा पटावर घ्यायला सांगितलं. कायम करायची यादी मात्र मे महिन्यातच वर गेली होती. तिचं नाव मागाहून जोडावं असं पत्र साहेब पाठवणार होते, पण खात्री कुणीच देईना. अभिमनची वेतनवाढ थांबली आणि पुढच्या महिन्यात त्याची बदली झाली.

त्या बुधवारी फाटकापर्यंत तो तिच्यासोबत चालत गेला. ती म्हणाली, यावलला केळीच्या घडांची तोडणी चालू आहे, ती आटोपली की येईन. एसटी आली. अभिमनने तिची पिशवी वर दिली. खिडकीतून तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि तिने पाहावं असं म्हणायची सोय त्याने स्वतःला ठेवली नव्हती.