कॅस्पियनचं मीठ

“मीठ पिकला का वाट नाय बघायची. लगेच ओढायचा.”

माझ्या सासूबाई, वेणूबाई, असं बजावायच्या. त्या आता नाहीत, पण उरणकडच्या मिठागरात त्यांच्या जोडीने राबलेले माझे सासरे, आबा, अजून त्यांचाच शब्द पाळतात. त्या सोमवारी सकाळीही पाळला.

माझी नेत्रा सातवीत. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत भूगोलाचं प्रदर्शन होतं. तिने मोठ्या ट्रेमध्ये मातीचा कॅस्पियन समुद्र केला होता. नावाचा समुद्र, खरं तर खारं सरोवर. नद्या आत येतात, बाहेर एकही जात नाही. त्याच्या पूर्वेला एक उथळ आखात आहे, कारा-बोगाझ-गोल. तिथे पाणी शिरतं, उन्हाने आटतं आणि मीठ मागे राहतं. ते दाखवायला नेत्राने त्या आखातात मिठाचं पाणी ओतून ट्रे आठवडाभर गच्चीवर ठेवला होता. पांढरी खपली काय सुरेख धरली होती!

मी तुळशीला पाणी घालत होते, तेवढ्यात आबा जिना उतरून आले. हातात वाटी, वाटीत खरवडून गोळा केलेलं मीठ.

“सूनबाई, पोरीच्या मिठाला काय दाणा आलाय! सगळा ओढून आणला.”

नेत्रा दात घासत होती. ब्रश तोंडातच राहिला. “आबा! ते प्रोजेक्ट होतं माझं! उद्या द्यायचंय!”

“अगो, पिकलेला मीठ तसाच ठेवतात काय? दंव पडला असता त्यावर.”

“तो कारा-बोगाझ-गोल होता!”

“कोन गोल?”

नेत्राने रडत रडत सगळा भूगोल सांगितला. आबा जिन्यावरच बसून ऐकत राहिले.

“म्हंजे बांध घालायला मानूस नाय, आन् समुद्रानं सोताचा मिठागर केलाय,” ते म्हणाले. “आन् तो मी लुटला.”

नेत्राला हसू फुटलं, पण लगेच ओठ मुडपला. “आता आठवडा कुठून आणू?”

“आठवडा कशाला? गरम पान्यात मीठ विरघळवायचा, आनखी विरघळेना झाला का पातळ थर द्यायचा. संध्याकाळपर्यंत खपली धरील. माझा शब्द.”

“आणि टाकीची सावली? ती फिरत फिरत ट्रेवर येते. मी शाळेत, पप्पा आनंदनगरला कंपनीत. सरकवणार कोण?”

“मी.”

“तुम्ही? परत ओढाल!”

“तुज्या आजीची आन. मिठाला बोट लावनार नाय.”

मी पातेलं गॅसवर ठेवलं. सोमवारी मी मीठ खात नाही.

“मिठागरवाल्याच्या घरात अळणी सून,” आबा नेहमीचं पुटपुटले, “आन् आज तीच मीठ ढवळते!”

मी हसले, आणि महादेवाचं नाव घेत ढवळत राहिले. मग गच्चीवर जाऊन आखातात पाणी ओतलं. खाली आल्यावर आबांना म्हटलं, “तुमचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी जिना नको म्हटलंय. जप झाला की ट्रे मीच सरकवीन.”

“बरं बरं.”

नेत्रा शाळेत गेली. मी जपाला बसले. डोळे मिटणार, एवढ्यात जिन्याकडचं दार हळूच करकरलं. जपाला बसल्यावर बोलायचं नाही, हा माझा नेम. नाहीतर हाक मारली असती. आवाज होऊ नये म्हणून आबांनी चपला काखेत धरल्या होत्या. कठडा धरून, एकेक पायरी टेकत, ते वर निघाले होते.