एकवाढी

वेटरने भाजीचा डाव पुन्हा पुढे केला, तेव्हा विमलताईंनी ताटावर दोन्ही तळहात आडवे धरले आणि मान हलवली. वेटर गोंधळून गोपालकडे पाहू लागला. गोपाल आईकडे पाहत होता.

टेबलावर आत्ताच गरम भांडी येऊन बसली होती. काळ्या उडदाची डाळ, पालकातली हिरवी भाजी, काजूच्या रश्श्यातली दुसरी एक, आणि फडक्यात गुंडाळलेल्या रोट्या. पुण्यातल्या या हॉटेलात शनिवारी दुपारी जागा मिळत नाही म्हणून गोपालने आधीच फोन करून ठेवला होता. आईला चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही, तेव्हा सगळं जैन आणा, असं वेटरला बजावून सांगितलं होतं. त्यावर विमलताई हळूच म्हणाल्या होत्या, “आपन कधीपासून जैन झालो रे?” तेवढंच. मग सूप आलं, आणि त्यांचं बोलणं थांबलं.

“आवडलं नाही काय, आई?” गोपालने विचारलं.

विमलताईंनी हातानेच खूण केली, तू जेव. त्याने ती खूण वेगळीच वाचली. एक रोटी घेतली, तुकडे केले, डाळीत बुडवून ठेवले. थोड्या वेळाने वेटरला म्हणाला, सगळं बांधून द्या.

विमलताईंचा जीव चरचरला. बोलता येत असतं तर त्यांनी तिथेच सांगितलं असतं. पण चातुर्मासात त्या मौनाने जेवत, आणि एकवाढी जेवत. एकवाढी म्हणजे पानात एकदाच काय ते वाढून घ्यायचं. पहिला घास तोंडात गेला की मग वरून काही घ्यायचं नाही, मागायचंही नाही. लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासूबाईंसोबत धरलेला नेम, सासूबाई गेल्यावरही चालू होता. आजही समोर सूपाची वाटी, पनीरचे दोन तुकडे आणि एक भाजलेला पापड आला, तेव्हा त्यांनी ते सगळं व्यवस्थित ताटात घेतलं, अन्नाला हात जोडले आणि जेवायला सुरुवात केली. मनात आलंही, एवढंसं जेवतात ही शहरातली माणसं, म्हणून तर पोरगं असं वाळलं. खरं जेवण अजून यायचं आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्या पुण्याला आल्या होत्या त्या नवऱ्याच्या, मारोतरावांच्या सांगण्यावरून. सून प्रेरणा आजारात गेली, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. गोपाल कंपनीत जायचा, यायचा, फोनवर ‘बरा हाओ’ म्हणायचा. मारोतरावांना ते ‘बरा’ पटत नव्हतं. गावाकडे, महागावच्या बसस्टँडजवळ त्यांनी एक गाळा घेऊन ठेवला होता, गोपालला खत-बियाण्याचं दुकान टाकायला. निघताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती. “त्याले घेऊनच ये. एकट्या मानसाले शहर खाऊन टाकते.”

आणि इथे आल्यापासून विमलताईंनाही तेच दिसत होतं. बुधवारी आल्या आल्या त्यांनी पदर खोचून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मुगाचं वरण, भेंडी, ज्वारीची भाकर, त्याला लहानपणी आवडायचं ते सगळं केलं. तो खाली मान घालून जेवायचा, एका भाकरीवर बस म्हणायचा. संध्याकाळी कामावरून आला की स्वयंपाकघराच्या दारात थोडा वेळ उभा राहायचा आणि मग टीव्हीसमोर जाऊन बसायचा. काल रात्री फोनवर विमलताईंनी नवऱ्याला सांगितलं होतं, पोरगं जेवत नाही. मारोतराव म्हणाले होते, “मंग? मी का म्हनत होतो?”

हॉटेलच्या नळावर त्यांनी चूळ भरली आणि बाहेर पायरीवर आल्या. गोपाल हातात पिशव्या घेऊन उभा होता.

“गोपाल, मले एकवाढी हाय, बाबू,” त्या म्हणाल्या. “मी त्या सूपावरच बसली ना.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला.

“सूप म्हंजे जेवन समजली तू?”

“मले का माईत? पुढ्यात आलं, मी हात जोडले.”

“आई, थे जेवन नव्हतं व. थे तं निस्ती सुरुवात होती.”

आणि तो हसायला लागला. आधी नाकातून, मग तोंडातून, मग पिशव्या खाली ठेवून एका उभ्या स्कूटरला टेकून. जाणारी-येणारी माणसं बघत होती. विमलताईंनाही हसू आलं. प्रेरणा गेल्यापासून हे हसणं त्यांनी ऐकलं नव्हतं.

“भूक लागली असन तुले.”

“लागली ना. पन आता रातीच.”

रिक्षात बसल्यावरही तो मधूनमधून हसत होता. घर जवळ आलं तेव्हा त्याचं हसू थांबलं आणि तो म्हणाला, “उद्याचा सैपाक मी करतो.”

“काहून? मी हाओ ना.”

“तू हाएस म्हनूनच.” तो बाहेर बघत होता. “तू आल्यापासून मले सैपाकघरात जाताच नाही आलं, आई. बुधवारपासून उपाशी हाओ मी. पोटानं नाही.”

विमलताईंना ते लागलं. मायच्या हातचं सोडून लेकराला अजून काय हवं असतं, असंही मनात आलं. गड्यांनी स्वयंपाक करणं त्यांना नवं नव्हतं. दर वर्षी शेतातल्या मारोतीपुढे रोडगे, म्हणजे विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, व्हायचे, तेव्हा गोवऱ्यांच्या जाळापाशी सगळे गडीच असत आणि मारोतराव त्यांचे पुढारी. पण ते वर्षातून एकदा, देवासाठी, चार माणसांसमोर. घरात मात्र मारोतरावांनी हाताने पाण्याचा गिलासही कधी भरून घेतला नव्हता. पुरुष रोज चुलीपुढे उभा राहतो तो घरात बाई नसते म्हणून, एवढंच विमलताईंना माहीत होतं, आणि त्यांच्या लेखी त्याच्यासारखं दुसरं दुःख नव्हतं.

घरी आल्यावर गोपालने तुळशीला पाणी घातलं आणि मग आईपाशी बसून सगळं सांगितलं. प्रेरणा गेल्यावर किती तरी दिवस त्याचं जेवण डब्यातून दाराशी येत होतं. उभ्या उभ्याच खायचा, डबा फेकून द्यायचा. मग कंपनीतला धर्मपाल, तो वणीचा, एका रविवारी येऊन म्हणाला की तुझी जीभ मेली आहे, आज रोडगे करू. गच्चीवर गोवऱ्या पेटवल्या तर सोसायटीचे लोक धावून आले. शेवटी ओव्हनमध्ये भाजले. वरून कोळसा, आतून कच्चे. दोघांनी मधला-मधला भाग खाल्ला. पुढच्या रविवारी पुन्हा केले. आता दर रविवारी कोणी ना कोणी येतं. कधी सगळे मिळून एखाद्या नव्या हॉटेलात जातात, काहीतरी वेगळं खाऊन येतात, आणि घरी येऊन तसंच करून बघायची पैज लावतात. बहुतेक वेळा जमत नाही.

“थे पोट भरायसाठी नाही व, आई,” तो म्हणाला. “कांदा चिरतो, फोडनी देतो, तेवढा वेळ मी इथं असतो. मले करमते.”

रात्री विमलताईंनी स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. त्याने खिचडी केली, ती त्यांनी ताटभर घेतली.

रविवारी सकाळी देवपूजा झाली आणि त्यांना बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं गेलं. हातात निवडायला कोथिंबीरसुद्धा मिळाली नाही. धर्मपाल आला, पाया पडला आणि म्हणाला, “काकू, आज तुमची परीक्षा नाही, आमची हाय. नापास करू नका, एवढंच.” मग नागपूरची बबिता म्हणून एक हसरी मुलगी आली. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि गोपालला मीठ जास्त टाकू नको म्हणून दटावू लागली. विमलताई सावरून बसल्या. मनात एक विचार येऊन गेला. तेवढ्यात बबिताचा नवरा दह्याचं भांडं सांभाळत दारातून आत आला, आणि विमलताईंनी तो विचार हळूच बाजूला ठेवला.

दारातून त्यांना गोपालची पाठ दिसत होती. भरड कणकेच्या छोट्या छोट्या पोळ्यांना तेल लावून तो एकीत एक गुंडाळत होता आणि गोळे वळत होता. घाई नव्हती. मध्येच काहीतरी गुणगुणला. धर्मपाल म्हणाला, “गाऊ नको, वरन नासन.” सगळे हसले. मोठ्या कढईत वांग्याची भाजी शिजत होती, तिचा वास घरभर फिरत होता. शेजारी एका लहान पातेल्यात वेगळी भाजी होती, दोडक्याची, बिनकांद्याची. ती कोणासाठी, हे विचारायची गरज नव्हती.

जेवायला बसायची वेळ झाली तेव्हा गोपालने आधी आईचं ताट घेतलं. विमलताई बघत राहिल्या. त्याने दोन रोडगे फोडून ठेवले, त्यावर तूप सोडलं. वरण, दोडक्याची भाजी, तिळाची चटणी, दही, लिंबाची फोड. थांबला. ताटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि अर्धा रोडगा अजून ठेवला. मग चिमूटभर मीठ घेऊन ताटाच्या वरच्या बाजूला मधोमध घातलं.

“आई, पाह्य बरं, काही राह्यलं काय?” तो म्हणाला. “मंगच हात जोड.”

विमलताईंनी ताटाकडे पाहिलं. काही राहिलं नव्हतं.

त्यांना हे कोणी कधी विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांत सगळ्यांचं वाढून झाल्यावर त्या शेवटी बसत. कोणाला भाकर, कोणाला ताक, या धांदलीत स्वतःच्या पानात हमखास काहीतरी राहून जाई. बहुधा मीठच, आणि भात-भाकरीत तर ते घातलेलंच नसे. पहिला घास घेतल्यावर ध्यानात येई. तेव्हा मागायचं नाही आणि बोलायचंही नाही. किती चातुर्मास त्या तशाच अळणी जेवल्या असतील. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं, कारण ते कोणाला दिसण्यासारखं नव्हतं. आणि हा मुलगा, जो लहानपणी ताट तसंच टाकून उठायचा, त्याला ते दिसलं होतं.

त्यांनी हात जोडले आणि जेवायला सुरुवात केली. एक रोडगा बुडाला काळा झाला होता. पोरं त्यांच्या मौनाचा मान ठेवून गप्प बसली होती, पण धर्मपालला ते फार वेळ झेपलं नाही. त्याने वणीच्या एका लग्नातल्या पंगतीची गोष्ट सुरू केली, आणि विमलताई तोंड मिटून हसल्या. शेजारी गोपाल जेवत होता. वांग्याची भाजी त्याने दोनदा घेतली, रोडगे किती घेतले ते त्यांनी मोजले नाहीत. विमलताईंच्या ताटात शेवटी काही उरलं नाही, आणि काही कमीही पडलं नाही.

संध्याकाळी मारोतरावांचा फोन आला. कधी निघता, त्यांनी विचारलं.

“मी उद्या निंघते,” विमलताई म्हणाल्या. “एकटीच.”

पलीकडे मारोतराव खाकरले.

“नाही म्हनला काय तो?”

“मी इचारलंच नाही. जेवते तो, पोटभर जेवते. गाळा कोनाले द्याचा त्याले देऊन टाका.”

ट्रॅव्हल्सच्या गाडीत त्यांना गाढ झोप लागली. पुण्याला येताना सगळा रस्ता त्या जाग्या होत्या.

घरी पोचल्यावर मारोतरावांनी एकेक गोष्ट विचारून घेतली. दुकानाचा गाळा तांड्यावरच्या धनसिंगला देतो म्हणाले, तो कधीचा मागत होता. पण ओव्हनमधले रोडगे त्यांच्या गळी उतरेनात.

“गोवरीबिगर? थो कायचा रोडगा? जयला असन बुडाले.”

“एक जयला थोडासा.”

“मंग?” मारोतराव म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

मग विमलताईंनी ताटाचं सांगितलं. त्याने कसं वाढलं, अर्धा रोडगा वरून कसा ठेवला, मीठ घालून ‘काही राह्यलं काय’ म्हणून कसं विचारलं. सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही की उतरवला नाही. मारोतरावांनी ऐकून घेतलं आणि गाईला चारा टाकायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघंच जेवायला होती. विमलताईंनी नवऱ्याला वाढलं, आपलं ताट केलं. बसणार तोच मारोतरावांनी चटणी मागितली. ती आणून दिली, मग बसल्या, हात जोडले, वरण-भाताचा पहिला घास घेतला. आणि ध्यानात आलं, मीठ राहिलं. त्या तशाच जेवू लागल्या.

थोड्या वेळाने मारोतरावांचा हात थांबला. ते विमलताईंच्या ताटाकडे बघत होते. बराच वेळ बघत राहिले. मग आपल्या शेजारची मिठाची वाटी त्यांनी उचलली नाही, नुसती फरशीवरून हळूहळू सरकवत विमलताईंच्या ताटापर्यंत आणली.

आता ते घेता येत नव्हतं. तसं सांगताही येत नव्हतं. विमलताईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मारोतरावांना कळलं असावं. वाटीवरचा हात त्यांनी काढून घेतला, पण वाटी मागे ओढली नाही.

ती दोन ताटांच्या मध्ये तशीच राहिली. विमलताईंनी पुढचा अळणी घास घेतला आणि त्या सावकाश जेवत राहिल्या.