ओठांची रांग

घरात भिंगरी कुठे आहे हे आईला कधी शोधावं लागत नसे. कानानेच कळायचं. बुटाची नाडी बांधताना तिचं एक गाणं, दप्तर भरताना दुसरं, आणि आंघोळीचं तर असं लांबलचक, की बादली रिकामी व्हायची पण कडवं संपायचं नाही. सुराचं आणि तिचं फारसं पटत नसे. सूर एका गल्लीने जाई, ती दुसऱ्या. पण गाणं संपेपर्यंत दोघं कशीबशी घरी पोचत.

आणि नाताळ चार दिवसांवर आला असताना घर एकाएकी मुकं झालं.

पहिल्या दिवशी आईच्या लक्षातही आलं नाही. ती शाळेत चौथीची बाई, आणि वर नाताळच्या गाण्याचं घोंगडं दरवर्षी तिच्याच गळ्यात. प्रगतिपुस्तकं, सोनेरी कागदाचे तारे, चाळीस लाल टोप्या, बोटांना चिकटलेला डिंक. या दिवसांत तिला स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ होतं. दुसऱ्या दिवशी काहीतरी विसरल्यासारखं वाटलं म्हणून तिने गॅस बघितला, नळ बघितला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने भिंगरीला नाडी बांधताना पाहिलं. पोर गाठ मारत होती आणि तिचे ओठ हलत होते. नुसते ओठ.

"हे काय चाललंय?"

"गाणं म्हणतेय."

"मला कसं ऐकू येत नाही?"

"ऐकू नसतंच येऊ द्यायचं. सरांनी सांगितलंय, मागच्या रांगेने फक्त ओठ हलवायचे. आवाज पुढचे काढणार." भिंगरीने दुसरा बूट ओढला. "मला छान जमतं. सर म्हणाले, लांबून कुणाला कळणारसुद्धा नाही."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भिंगरीचा बाबा आरशासमोर कापसाची दाढी लावून बघत होता. पोट घरचंच असल्यामुळे आईच्या शाळेने यंदा नाताळबाबा म्हणून त्याला धरलं होतं.

"ऐकलंस? पोरीचं तोंड शिवलंय त्या माणसाने."

"कुठल्या माणसाने?" दाढीतून आवाज आला.

"तिच्या शाळेतल्या गाण्याच्या मास्तराने. सात वर्षांची पोर मुकी करून ठेवली. का, तर पालकांच्या कानाला त्रास नको."

"अगं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. कार्यक्रम झाला की लागेल परत गायला. तू उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

"दाढी काढ आधी. दाढीशी मला भांडता येत नाही."

त्याने दाढी काढली. आणि ओठांना चिकटलेला कापूस वेचत बसला.

भिंगरीची शाळा वेगळी, आईच्या शाळेपासून चार रस्ते पलीकडे. मधल्या सुट्टीला जोडून आईला एक तास मोकळा होता. मुख्याध्यापिकेला दाताचं कारण सांगून ती निघाली. वाटेत तिने सहा वाक्यं तयार केली. सहाही धार लावलेली. दुकानांच्या काचांतून लुकलुकणारे दिवे तिला डोळे मिचकावून हसताहेत असं वाटत होतं, आणि त्या दिव्यांचासुद्धा तिला राग येत होता.

गाण्याचे सर कसरतीच्या खोलीत, गाद्यांच्या ढिगावर बसून डबा खात होते. पंचविशीचा पोरगेला माणूस, गळ्याला मफलर, बाजूला कीबोर्ड.

"मी भिंगरीची आई. मागच्या रांगेतल्या मुकीची."

सरांनी डब्याचं झाकण लावलं आणि उठून उभे राहिले. "या ना ताई. बसा."

"बसायला नाही आले. एवढ्याशा लेकराला 'तुझा आवाज नको' म्हणायला जीभ कशी रेटली तुमची?"

"तसं नाही म्हटलं हो. ओठ हलव म्हटलं. खेळासारखं."

"तीन दिवस झाले. नाडी मुक्याने, दप्तर मुक्याने, आंघोळसुद्धा मुक्याने. असला खेळ मला तर नाही माहीत."

सरांनी खाकरून बघितलं. आवाज पार फाटला होता. "ताई, पासष्ट मुलं आणि दोन आठवडे. समोर सगळ्यांचे मोबाइल चालू. एक जण भलतीकडे गेला की त्याच्या मागोमाग दहा जातात, आणि दुसऱ्या दिवशी मला वरून बोलावणं येतं. तुम्हीपण गाणं बसवता ना? भिंगरी सांगत होती. तुमच्याकडे काय करता हो अशा मुलांचं?"

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो प्रश्न जास्त लागला.

"माझ्याकडे सगळी गातात," ती म्हणाली.

"सगळी?"

"सगळी."

"मग मला बघायला येऊ द्या एकदा," सर म्हणाले. तोंडावर आशा, खरीखुरी. "मला कुणी शिकवलंच नाही, बेसूर पोराचं काय करायचं ते. मला असंच सांगितलं होतं, लहानपणी. ओठ हलव म्हणून."

उरलेली तीन वाक्यं तिच्या तोंडातच राहिली. परत येताना ती इतकी भराभर चालली, की चार रस्ते दोनच वाटले.

कारण तिच्या शाळेतही अशी एक रांग होती, आणि तिचं 'ओठांची रांग' हे नाव मुळी आईनेच ठेवलेलं होतं. बारा वर्षांपूर्वी तिने ते मोठ्या हौसेने काढलं होतं. तिसरी रांग, खिडकीकडचा कोपरा. यंदा त्यात चार मुली होत्या. त्यातल्या एकीला तर अख्खा वर्ग 'भोंगा' म्हणत असे, आणि हे नाव बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

दुपारी सरावाला मुलं उभी राहिली तेव्हा बाईचा पारा चढलेलाच होता. शिपाईमामांनी बाक सरकवताना केलेल्या आवाजावरून ती त्यांच्यावर खेकसली, आणि ते बिचारे बाक हातात धरून तसेच उभे राहिले.

"आज कोपऱ्यानेपण आवाज काढायचा," ती म्हणाली.

पुढच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. "बाई, भोंगा वाजणार."

"हसला तो वर्गाबाहेर."

कुणीच हसलं नव्हतं, असं झालं. तिने हात वर केला आणि गाणं सुरू झालं. गाणं तिनेच लिहिलेलं, गेल्या महिन्यात भिंगरीला झोपवता झोपवता:

चांदणी गं चांदणी, वाट दाखव चांदणी
गारठलेल्या बाळाला ऊब पाठव चांदणी

कोपऱ्यातल्या तिघींनी चाचरत आवाज काढला. चांदणी एकदम डगमगली, पुढच्या रांगेने माना वळवल्या. पण भोंग्याच्या ओठांतून काहीच येत नव्हतं. ओठ मात्र असे सुरेख हलत होते, की बघणाऱ्याने शपथेवर सांगितलं असतं, हीच सगळ्यांत जोरात गातेय. बाई तिच्याजवळ गेली आणि तोंडाशी कान नेला. नुसता श्वास.

"तू का नाही म्हणत?"

"मला हे गाणं येत नाही, बाई."

"अगं, महिनाभर इथे उभी आहेस तू."

"मला तोंडं येतात." भोंग्याने बोटांवर मोजून दाखवलं. "पहिलं मोठं. मग बारीक. मग गोल, परत गोल, आणि शेवटी हसरं. गेल्या वर्षीचीपण सगळी येतात मला. तुम्ही म्हणाला होतात, सगळ्यांत चांगली मीच हलवते."

म्हणाली होती. गेल्या नाताळातला फोटो कार्यालयाच्या दारावर लावलेला होता आणि त्यात सगळ्यांत मोठं उघडलेलं तोंड भोंग्याचंच होतं. मुख्याध्यापिका येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फोटो दाखवत असे: बघा, मुलं कशी जीव ओतून गातात.

संध्याकाळी मायलेकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तारे चिकटवत बसल्या. आई कात्री अशी चालवत होती, की ताऱ्याने काहीतरी गुन्हा केला असावा.

"तुझ्या सरांना भेटून आले."

"भांडलीस?"

"भांडले."

"जिंकलीस?"

"नाही."

भिंगरीने एका ताऱ्याच्या पाठीला डिंक लावला. बराच वेळ लावला. "सरांवर नको चिडूस. सरांच्या आधीच मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"माझं वाईट येतं ते. मी गायला लागले की तुझी ही वर जाते." तिने चिकट बोट आईच्या डाव्या भुवईला लावलं. "नेहमी जाते. तू काही बोलत नाहीस. पण ती जाते."

आईने कात्री खाली ठेवली. सकाळपासून सरांच्या दारात बसवलेला राग उठला, चार रस्ते ओलांडून आला आणि तिच्याच समोर पाय रोवून उभा राहिला. बारा वर्षं शाळेत सूर निवडायच्या कामाला ती भुवई जुंपली गेली होती, आणि घरी आल्यावर तिला सुट्टी द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"गा," ती म्हणाली.

"नको."

"गा म्हणते ना." आवाज वर्गातला निघाला, आणि भिंगरीचे ओठ निमूट हलायला लागले. मोठं, बारीक, गोल.

आईने टेबलावर मूठ आपटली. तारे उडाले. "असं नाही. असं परत कधी करायचं नाही. मला दिसता कामा नये ते." मग तिने श्वास घेतला. "ही भुवई माझं ऐकत नाही, भिंगरे. तू धर तिला."

"कशी?"

"अंगठ्याने. दाबून."

भिंगरीने तिच्याकडे संशयाने बघितलं. मग ती खुर्चीवर चढली, आईचं डोकं एका हाताने धरलं आणि डिंकाचा अंगठा भुवईवर रोवला. बाबा दाढी घेऊन दारात आला होता. तो तिथेच थबकला.

पोरीने चांदणी सुरू केली. सूर एका गल्लीने गेला, ती दुसऱ्या. दुसऱ्या ओळीला अंगठ्याखाली काहीतरी हललं.

"गेली," भिंगरी थांबून म्हणाली.

"मग जोरात दाब."

तिने जोरात दाबलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, आधीपेक्षा मोठ्याने. आईने डोळे मिटून घेतले. कपाळ दुखत होतं.

"आई, अंगठा चिकटला."

"चिकटू दे," आई म्हणाली. आवाजातला राग अजून गेला नव्हता. "पुढचं कडवं म्हण."