मातीचा तास

"पण तुला स्वतःला काय आवडतं?" सल्लागार बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

धाकटी त्यांच्या टेबलावरच्या पंख्याकडे बघत राहिली. प्रश्नातला शब्द न् शब्द तिला समजला होता, आणि त्या परक्या भाषेत असं फार क्वचित व्हायचं. उत्तर मात्र कुठल्याच भाषेत सुचत नव्हतं. घरी आवडीनिवडीचा विषय फार तर कपड्याच्या रंगापर्यंत पोचायचा. त्यापुढचं सगळं आई ठरवायची, आणि आईने ठरवलेलं बहुतेक वेळा बरोबरच निघायचं, त्यामुळे वाद घालायला कुणाला तोंडच नसायचं.

"दोन्ही आवडतात," ती म्हणाली.

बाई हसल्या आणि त्यांनी सगळं पुन्हा समजावून सांगितलं. पहिल्या वर्षी थोडंथोडं सगळंच शिकायचं, वर्ष संपताना एक मुख्य विषय धरायचा. इथल्या मुलांना तो पुढे बदलता यायचा. बाहेरून आलेल्यांना ते जड जायचं, कारण त्यांचा व्हिसाच त्या विषयावर बेतलेला असायचा. तेव्हा औषधनिर्माणशास्त्र की मृदाशास्त्र, हे तिने महिना संपायच्या आत कळवावं.

"आणि घरच्यांना काय वाटतं ते सांगू नकोस," दार उघडून देताना बाई म्हणाल्या. "ते मला प्रत्येक जण सांगतो."

घरच्यांना काय वाटतं याबद्दल शंकेला जागाच नव्हती. वडील तिच्या आठवणीत बसायच्या आतच गेले होते. आई सरकारी रुग्णालयात परिचारिका. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात उभं राहून तिने दोन्ही मुलींना वाढवलं, आणि उभं राहून म्हणजे अगदी शब्दशः. घरी आली की ती आधी जमिनीवर पाठ टेकायची आणि पाय भिंतीला लावून पडायची, पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा थोड्या उतरेपर्यंत. मुलींनी तेवढा वेळ काही मागायचं नाही, असा न सांगितलेला नियम होता. त्या रुग्णालयात तळमजल्यावर औषधांची खिडकी होती. खिडकीमागे एक बाई गादीच्या खुर्चीत बसून असायची. डॉक्टरसुद्धा तिच्याशी वाकून बोलायचे. आईने जगातली सगळी कामं पाहून त्यातलं ते एक निवडलं होतं आणि धाकटीच्या नावावर राखून ठेवलं होतं. थोरली, म्हणजे ताई, हिशेबाच्या कामात लवकर अडकली आणि लग्न करून मोकळी झाली. राहिली धाकटी. तिला शिष्यवृत्ती मिळाली, परदेशी जायचं ठरलं, तेव्हा आईने एकच अट घातली होती: बसून करायचं काम शिकून ये.

यात माती कुठून आली, तर ती चुकून आली.

पहिल्याच आठवड्यात धाकटी एका लांबलचक मजल्यावर वर्ग शोधत होती. दारं सारखी, आकडे सारखे. घाईघाईत ती एका वर्गात शिरली, बाकाच्या मधोमध जाऊन बसली आणि दोन्ही बाजूंना मुलं बसल्यावर तिला कळलं, की फळ्यावर काहीतरी भलतंच लिहिलंय. उठायचं तर चार जणांना उठवावं लागणार. तिचा धीर झाला नाही. तेवढ्यात एक उंच, वाकलेले, गळ्याला रुमाल गुंडाळलेले सर आत आले आणि बोलू लागले.

त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झालेली होती. आवाज खरखरीत होता आणि प्रत्येक वाक्यानंतर त्यांना थांबून श्वास घ्यावा लागायचा. अवघड शब्द बोलण्यापेक्षा ते फळ्यावर लिहायचे. "माती ही वस्तू नाही," ते म्हणाले, आणि थांबले. "ती चाललेली एक घटना आहे." पुन्हा थांबले. त्या थांबण्यात धाकटीला वाक्य मनात फिरवून बघायला, आपल्या भाषेत आणायला आणि पुढच्यासाठी कान टवकारायला वेळ मिळाला. तास संपला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपल्याला सगळं समजलं. त्या देशात पाऊल ठेवल्यापासून पहिल्यांदा. ती बाहेर आली ती हवेत तरंगतच.

बाकीच्या तासांची तऱ्हा वेगळी होती. औषधांचा वर्ग मोठा, शिकवणारे हुशार आणि बोलणं असं भरधाव, की पहिलं वाक्य पकडेपर्यंत चौथं डोक्यावरून गेलेलं असायचं. सगळे हसले की धाकटीही हसायची, किंचित उशिरा. शेजारच्या मुलीच्या एकदा ते लक्षात आलं, आणि तेव्हापासून ती नीट वेळेवर हसायला शिकली. गुण बरे पडायचे, कारण पाठांतर चांगलं होतं. पण तिथे ती कायम खिडकीबाहेर उभी असल्यासारखी वावरायची. मातीचा तास तिने जादा विषय म्हणून घेऊन टाकला. घरी त्याचं नाव काढलं नाही.

सल्लागार बाईंना भेटून आल्यावर मात्र तिने रविवारच्या फोनवर हळूच विषय काढला. ताईही माहेरी आलेली होती. तिने ऐकताक्षणी विचारलं, की म्हणजे कुंड्या विकणार का तू? आई आणि ताई बराच वेळ हसल्या. आईचं हसू आधी थांबलं.

"मातीत काय शिकायचं असतं गं?"

धाकटीने सांगायचा प्रयत्न केला. पाणी कुठे मुरतं, कुठे नुसतं वाहून जातं, एक बोटभर माती तयार व्हायला किती पिढ्या जातात. आईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, की हे खुर्चीत बसून करतात की रानात जाऊन? रानात जावं लागतं, खड्डा खणून त्यात उतरावं लागतं, असं धाकटीने सांगितलं.  त्यावर आईने जेवणखाणाची चौकशी केली आणि फोन ताईकडे दिला.

पुढच्याच आठवड्यात सर आले नाहीत. घशाचं दुखणं उलटलं होतं आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. तरतरीत, मनमोकळ्या, आणि बोलायला बसल्या की शब्दांची शेपटं गिळणाऱ्या. धाकटी पहिला अख्खा तास पेन हातात धरून नुसती बसून होती. तिला काही म्हणजे काही कळलं नाही.  वसतिगृहाकडे चालताना तिने स्वतःला नको तो प्रश्न विचारला: मला माती आवडत होती, की एका आजारी माणसाचं सावकाश बोलणं? एवढ्याशा कारणासाठी आपण आईचं ऐकणार नव्हतो, या विचाराने तिची तिलाच लाज वाटली. औषधनिर्माणशास्त्रच घ्यायचं, असं तिने ठरवून टाकलं. सकाळी उठली तर ते ठरवणं कुठे गेलं होतं कोण जाणे.

मग नव्या बाईंनी वर्गाला शहराबाहेरच्या एका माळावर नेलं. धाकटीला वाटत होतं, की तिथे आपला काय तो निकाल लागेल. खड्ड्यात उतरल्यावर एक तर मन लागेल, नाहीतर उडेल. तसं काहीच झालं नाही. वारा बोचरा होता, मोजे ओले झाले. ओल्या मातीचा गोळा अंगठ्याने पुढे सारत पट्टी काढायची, ती किती लांब टिकते त्यावरून मातीतला चिकणपणा ओळखायचा, असं काम होतं. धाकटीची पट्टी बाकीच्यांइतकीच लांब निघाली आणि बाकीच्यांसारखीच तुटली. मध्येच तिला बरं वाटलं, मध्येच कंटाळा आला. खड्ड्याच्या भिंतीत रंगांचे थर दिसत होते, ते बघताना ती थोडा वेळ सगळं विसरली, पण तेवढं तर कुणीही विसरेल. परतताना बसमध्ये सगळी मुलं गात होती. तिला गाण्याचे शब्द येत नव्हते.

शेवटी तिने सरांनाच विचारायचं ठरवलं. ते घरी आले होते आणि मुलं त्यांना एकेकटी भेटून येत होती. विद्यापीठामागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. दोनच मिनिटं बस आणि त्यांना बोलायला लावू नकोस, असं तिने बजावलं. सर खिडकीशी आरामखुर्चीत होते. निम्मे झाले होते. आवाज उरला नव्हता, नुसती कुजबुज होती.

धाकटीने वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते वेगळंच.

"सर, मला तुमचा विषय आवडला कारण तुम्ही सावकाश बोलायचात. दुसरं काही कारण मला सापडत नाहीये."

बोलून गेल्यावर तिला ब्रह्मांड आठवलं. सर तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. त्यांनी तिला जवळ यायची खूण केली.

"आजारी पडण्याआधी मी इतका भरभर बोलायचो," ते कुजबुजले, "की इथल्या मुलांनाही काही कळायचं नाही. अर्धा वर्ग रिकामा असायचा."

आतून त्यांच्या पत्नीने भांडं वाजवून इशारा दिला. सरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. आता कोण शिकवतं, त्यांचं कळतं का, असं त्यांनी विचारलं. धाकटी म्हणाली, की आधी मुळीच कळत नव्हतं, आता निम्मं कळतं. निम्मं कसं काय, असं त्यांनी भुवया उंचावून विचारलं. तेव्हा तिने सांगितलं, की ती आदल्या दिवशी धडा वाचून जाते, पहिल्या बाकावर बसते, बाईंच्या ओठांकडे बघते आणि तास संपल्यावर त्यांना गाठून राहिलेलं विचारते. बाई पहिल्यांदा वैतागल्या, आता थांबतात.

"औषधांच्या वर्गातही असंच करतेस?"

"नाही," ती म्हणाली.

सरांनी मान डोलावली आणि डोळे मिटले. दमले होते. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

जिना उतरताना धाकटीला वाटलं, की मिळालं उत्तर. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत ते पुन्हा विस्कटलं. कारण औषधांच्या वर्गात तिला सुरुवातीला कुणी सावकाश शिकवलं असतं, तर तिने तिथेही पहिला बाक धरला नसता कशावरून? हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. सरांना ते ठाऊक नव्हतं, सल्लागार बाईंना नव्हतं आणि तिलाही नव्हतं. ती बराच वेळ पदपथावर उभी राहिली. जाणारी-येणारी माणसं तिला वळसा घालून जात होती. मग ती तशीच सल्लागार बाईंकडे गेली आणि मृदाशास्त्र म्हणून सांगून आली. बाईंनी विचारलं, नक्की ना? तिने हो म्हटलं. त्या भाषेत हो म्हणणं सोपं होतं.

रविवारपर्यंत थांबायला तिचा जीव राहिना. विद्यापीठाच्या पायऱ्यांवर बसून तिने आईला फोन लावला. आई कामावर होती. इतक्या अवेळी फोन आल्याने ती घाबरलीच. तब्येत बरी आहे ना, कुणी काही बोललं का, असं सगळं विचारून झालं. धाकटीने एका दमात सांगून टाकलं.

पलीकडे नुसता वॉर्डाचा आवाज येत राहिला. कुठेतरी ट्रॉलीचं चाक कुरकुरत होतं.

"तुला नक्की माहीत आहे का, हेच पाहिजे म्हणून?" आईने विचारलं.

"नाही."

"मग कशाला घेतेस?"

"दुसऱ्याचंही नक्की माहीत नाही, आई. पण याच्यासाठी धडपडावंसं वाटतं."

 

"इथे सगळ्यांना सांगून बसलेय मी," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती रागावली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं. "त्या खिडकीवालीला पण सांगितलंय. ती म्हणाली होती, परत आली की माझ्याकडे पाठवा, मी दाखवीन सगळं."

 माफी मागावी असं धाकटीच्या ओठांवर आलं होतं, पण माफी मागितली तर निर्णयही मागे घ्यावा लागेल असं तिला वाटलं, म्हणून तिने ओठ मिटून घेतले. तेवढ्यात तिकडे घंटा वाजली. कुणीतरी पेशंट बोलावत होता.

"थांब जरा," आई म्हणाली, आणि तिने फोन टेबलावर ठेवला. बंद केला नाही.

धाकटीने फोन कानाशी घट्ट धरला. पावलं लांब गेली, पडद्याच्या कड्या सरकल्या. मग आईचा आवाज ऐकू आला, आणि क्षणभर तिने तो ओळखलाच नाही. घरी येणारी आई थकलेली असायची, तुटक बोलायची. हा आवाज कामावरचा होता, आणि इतक्या वर्षांत धाकटीने तो एकदाही ऐकला नव्हता.

"कुठे दुखतंय?" आई कुणाला तरी विचारत होती. तिकडून काहीतरी अस्पष्ट पुटपुटणं आलं.

"नक्की कुठे ते नाही सांगता येत? राहू दे. घाबरू नका. मी आहे इथे."

पायऱ्यांवरून मुलामुलींचा घोळका खाली उतरला आणि धाकटीने त्यांना वाट द्यायला अंग चोरून घेतलं. टेबलावरचा फोन तसाच चालू होता. तिनेही कापला नाही.